चारशे सात

३ मार्च, सोमवार

सकाळी आठला कामावर पोचले तर निरोप्याच्या रांगेत एकशे बारा रिपोर्ट तुंबलेले. निरोप्या म्हणजे माझा प्रोग्रॅम. नऊ वर्षांपूर्वी मी एकटीने लिहिला. लॅबमध्ये रक्त तपासून झालं की निकाल उचलायचा आणि वॉर्डातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नेऊन टाकायचा, एवढंच त्याचं काम. नऊ वर्षांत तो चारदा अडला, त्यात दोनदा वीज गेली म्हणून.

रुग्णालयाची सगळी माहिती आता बाहेरच्या मोठ्या सर्व्हरवर गेली आहे. शनिवारपासून आमच्या इमारतीतून जे काही बाहेर जातं ते मधल्या एका यंत्रातून जातं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. तो आता माणसांनाच नाही, प्रोग्रॅमनाही ओळख विचारतो. नाव सांगा, पासवर्ड सांगा, मग पुढे. नाही सांगितलं की एक आकडा तोंडावर फेकतो: ४०७. आधी ओळख दाखव, असा त्याचा अर्थ.

हे सगळं दरवानाचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या त्या माणसाचं खरं पद लांबलचक आहे, पण तो आल्यापासून सगळे त्याला दरवानच म्हणतात. तोही फोन उचलून "दरवान बोलतोय" म्हणतो.

"मॅडम, महिन्यापूर्वी मेल पाठवला होता मी."

"मला दिवसाला साठ मेल येतात."

"तीन पाठवले होते."

हा माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि बोलताना एकदाही आवाज चढवत नाही. त्याचाच जास्त राग येतो. त्याने नाव-पासवर्ड दिला, मी घातला, दुपारपर्यंत रांग रिकामी झाली. झालं. उगाच राईचा पर्वत.

५ मार्च, बुधवार

झालं नाही. कधी जातो, कधी अडतो. सकाळी गर्दीच्या वेळी जास्तच अडतो.

दरवान स्वतः वर आला. कागदावर काढून दाखवलं. प्रॉक्सी एकदा विचारून थांबत नाही. निरोप्याने नाव सांगितलं की तो उलट एक प्रश्न टाकतो, त्याचं उत्तर मिळालं की मग सोडतो. आणि हे सगळं एकाच जोडणीवर, मध्ये न तुटता व्हायला लागतं. माझा निरोप्या ज्या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर, उभा आहे ती दर वाक्यानंतर जोडणी तोडते. म्हणजे फोनवर कोणी "कोण बोलतंय?" विचारलं की फोन ठेवायचा, परत लावायचा आणि नाव सांगायचं. पलीकडचा परत विचारणारच, कोण बोलतंय. आधीची एखादी जोडणी चुकून उघडी राहिली असेल तरच काम होतं.

"लायब्ररी बदलावी लागेल," तो म्हणाला.

"नऊ वर्षं चालली आहे."

"हो. दार बदललं, मॅडम." मग जाता जाता म्हणाला, "तोपर्यंत धोक्याच्या आकड्यांचे फोन परत सुरू करायचे का? लॅबमधून वॉर्डात?"

ते फोन मागच्या वर्षी मीच बंद करायला लावले. लॅबच्या डॉक्टरबाई तयार नव्हत्या. निरोप्या पोचला की वॉर्डातला पडदा लाल होतो, घंटा वाजते, मग फोन कशाला, असं मी सभेत उभं राहून पटवून दिलं होतं. आता त्यांच्यासमोर जाऊन काय सांगू? दरवानाला म्हटलं, गरज नाही, दोन दिवसांत करते.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर भंडावून सोडलं सगळ्यांनी. काही रिपोर्ट जातात, पण "मिळालं" हे उत्तर परत येताना अडतं. निरोप्याला वाटतं गेलाच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. वॉर्डात एकेक रिपोर्ट पाच-पाच वेळा. घंटा सारखी वाजते. एका सिस्टरने तर यंत्राचा आवाजच बंद केला. इकडे रांग तीनशेवर.

शेवटी तीन वाजता एक छोटा बदल केला. पलीकडून काहीही उत्तर आलं की काम झालं असं धरायचं आणि रिपोर्ट रांगेतून काढायचा. वर "तात्पुरतं" असं लिहून ठेवलंय. सोमवारी लायब्ररीला हात घालते.

साडेचारला रांग शून्य. घंटा गप्प. डॉक्टरबाईंनी माझ्यासाठी चहा पाठवला. किती दिवसांनी हलकं वाटलं.

१० मार्च, सोमवार

रांग दिवसभर शून्य. लायब्ररीचं काम काढणार होते, पण आता घाई उरली नाही आणि इतर चार कामं खोळंबली आहेत.

दोन-तीन वॉर्डांतून फोन आले, रिपोर्ट दिसत नाही म्हणून. पडदा बंद करून उघडा म्हटलं. दरवानाने चिठ्ठी पाठवली: "तुमच्या यंत्राकडून अजूनही दिवसाला शे-दीडशे ४०७ दिसतात. बघून घ्या." अरे बाबा, पहिल्या खेपेला ४०७ येणारच, रीतच आहे ती. मला शिकवतो! चिठ्ठी टोपलीत.

जेवायला तळघरातल्या शिवणखोलीत गेले. तिथल्या मावशी रुग्णालयाच्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट शिवतात. नात्याने कोणी नाहीत, पण अकरा वर्षं आम्ही दुपारी एकत्र जेवतो. आज डबा अर्धा टाकला त्यांनी.

"पायात जोरच नाही गं. मशीनचं पायडल म्हणजे जसं काही दगड ढकलतेय."

"डॉक्टरला दाखवा ना. वरच तर आहेत सगळे."

"वर सगळे आहेत म्हणून तर जात नाही. त्यांचे उसवलेले खिसे मी शिवलेत. कोण कसा आहे, मला माहितीय."

हसलो दोघी. मग मी दम दिला, तेव्हा उद्या दाखवते म्हणाल्या. रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली आहे त्यांची.

१२ मार्च, बुधवार

मावशींना तिसऱ्या मजल्यावर दाखल केलंय. सकाळी दहाला जाऊन आले. नुकतंच रक्त काढून नेलं होतं, दंडावर कापूस धरून बसल्या होत्या. उशीच्या अभ्र्याची शिवण मला दाखवली. "हा माझा नाही. कोणी बाहेरून आणलाय. बघ, एका धुण्यात उसवेल."

संध्याकाळी परत जाईन म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार

मावशी गेल्या. काल दुपारी, तीनच्या आधी. मी खाली माझ्या खोलीत बसून होते, दोन मजले खाली, आणि मला सव्वाचारला कळलं.

आज काही लिहवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

त्यांच्या रक्तात पोटॅशियम ७.२ होतं. हे मी डॉक्टर नसूनही सांगू शकते की सहाच्या वर गेलं की पळापळ होते, हृदय थांबू शकतं. दोन पस्तीसला मावशींचं थांबलं. वॉर्डातले म्हणतात, रिपोर्ट आलाच नाही. तीननंतर त्यांनीच लॅबला फोन केला तेव्हा आकडा कळला. लॅब म्हणते, आम्ही पाठवला. तिघांची समिती बसली आहे, उपअधीक्षक प्रमुख. मला बोलावलं.

"तुमच्या नोंदीत काय आहे?"

मी छापील कागद पुढे ठेवला. अकरा बेचाळीस, पोचला.

"म्हणजे तुमच्याकडून सुटला होता."

"हो."

मग सगळ्यांनी दरवानाकडे पाहिलं. माझ्याकडून सुटला आणि वॉर्डात पोचला नाही, तर मधे तोच उरतो. तो म्हणाला, "माझ्याकडच्या नोंदी काढायला वेळ लागेल." एवढंच. मान खाली. मला वाटलं, आता का रे गप्प?

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मावशी जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

नवरा मोटार चालवायला शिकवतो. कॉम्प्युटरचा त्याला गंध नाही. आज भाजी निवडताना त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोचला म्हणजे काय गं? पलीकडच्याने हातात घेतला, की तू नुसती दारावर थाप मारून आलीस?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतोय."

मी तिथून उठून गेले. त्याच्यावर ओरडायचं कारण नव्हतं. पण थाप मारली आणि आतून "चालता हो" असं उत्तर आलं, तरी ते उत्तरच.

१६ मार्च, रविवार

सुट्टी असून गेले. नोंदींची मूळ फाइल उघडली, नुसता गोषवारा नाही. अकरा बेचाळीसच्या ओळीवर जायला मला अर्धा तास लागला. फाइल मोठी नव्हती. मी मधेच पाणी प्यायला उठत होते.

उत्तर: ४०७.

त्याच्या खालची ओळ: पोचला. रांगेतून काढला.

निरोप्याने दारावर थाप मारली, प्रॉक्सीने ओळख विचारली, आणि निरोप्या "झालं काम" म्हणून परत आला. कारण मी त्याला सात तारखेच्या शुक्रवारी तीन वाजता तसंच शिकवलं होतं. लायब्ररी परत परत फोन लावायची, म्हणून एकेका रिपोर्टमागे पाच-सहा ४०७; तेव्हापासून असे दोनशे बारा रिपोर्ट हरवले. धोक्याचे त्यात सहा. उरलेल्या पाचही जणांच्या डॉक्टरांनी कंटाळून लॅबला स्वतः फोन केला होता, म्हणून ते वाचले. मावशींच्या वॉर्डात त्या दुपारी दोनच सिस्टर होत्या, त्यांना वेळ मिळाला नाही.

पहिलं काम, तो बदल काढून टाकला. मग डॉक्टरबाईंना घरी फोन केला, धोक्याच्या आकड्यांचे फोन आत्तापासून सुरू करा.

"का? काय सापडलं?"

"प्रॉक्सीचा त्रास आहे," मी म्हटलं.

खोटं नाही. पण खरंही नाही.

१८ मार्च, मंगळवार

नवी लायब्ररी बसवतेय. सगळं पक्कं झालं, पुन्हा तपासून पाहिलं, की मगच समितीला सांगेन. अर्धवट माहितीवर बोलणं बरं नव्हे. समिती गुरुवारी आहे.

दरवानाला सक्तीच्या रजेवर पाठवणार अशी कुजबुज आहे. त्याचे वरिष्ठ म्हणे हात झटकून मोकळे झाले. आज जिन्यात तो भेटला.

"मॅडम, माझ्या नोंदी मी अजून दिल्या नाहीत. गुरुवारी द्याव्याच लागतील. त्याआधी तुम्ही तुमच्या एकदा नीट बघा."

एवढं बोलून खाली गेला. ही धमकी आहे. त्याला सगळं माहीत आहे आणि तो मला चारचौघांत उघडं पाडणार आहे. नाहीतर आधीच का नाही दिल्या नोंदी? कसला आतल्या गाठीचा माणूस आहे!

१९ मार्च, बुधवार

मावशींची मुलगी आली होती. ती शहरात बस चालवते. गणवेशातच आली होती, आईच्या वस्तू न्यायला. शिवणखोलीची किल्ली माझ्याकडे असते म्हणून मी सोबत गेले. चष्मा, मोठी कात्री, टेप, खणात एक अर्धवट उसवलेला कोट. तो कोट तिने घडी करून परत ठेवला.

"हा रुग्णालयाचा," म्हणाली. मग, "ताई, आई म्हणायची, कॉम्प्युटरवाली माझी मैत्रीण आहे. तुम्हाला माहीत असेल ना, रिपोर्ट कुठे अडकला?"

"चौकशी चालू आहे."

"हो. सगळे तेच सांगतात."

चिडली नाही. बसच्या वेळा विचारणाऱ्याशी बोलावं तशी बोलली. पण दारात थांबली आणि तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. वाटलं, आता रडेल. मग नुसतीच गेली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. या वेळी सगळं. शुक्रवार, तीन वाजता, तात्पुरतं. त्याने माझ्या हातातून कप घेतला, विसळला, उपडा ठेवला.

"उद्या मी सोडायला येतो," म्हणाला. "बस नको."

२० मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

उपअधीक्षकांनी आधी दरवानाला विचारलं, नोंदी आणल्यात का. त्याच्या मांडीवर लिफाफा होता. तो म्हणाला, "आणल्यात. पण आधी मॅडमना काही सांगायचं असेल तर." आणि थांबला.

मी उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं उभं राहायला.

"रिपोर्ट माझ्याकडून सुटला नव्हता. प्रॉक्सीने परत पाठवला होता. माझ्या प्रोग्रॅमने ते पोचलं म्हणून लिहिलं, कारण मी सात तारखेला तसा बदल केला होता. यांनी मला तीन मेल, एक चिठ्ठी आणि एकदा समोर येऊन सांगितलं होतं. फोन परत सुरू करा असंही म्हणाले होते. मी नको म्हटलं."

कोणी काही लिहून घेईना. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मग खिडकीकडे बघायला लागल्या.

"हे तुम्हाला कधी कळलं?" उपअधीक्षक.

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

मग दरवानाने लिफाफा उघडला. त्याच्या कागदांवर तेच होतं, अकरा बेचाळीस, ४०७, आणि पाठवणाऱ्याचं नाव. कागदाच्या तळाशी छापल्याची तारीख होती: १४ मार्च. म्हणजे त्याच शुक्रवारी काढून ठेवलेले. सहा दिवस तो आळ अंगावर घेऊन फिरला. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो समितीला सांगत होता, "चूक माझीही आहे. मी चिठ्ठीवर भागवलं. दिवसाला दीडशे नकार दिसत होते, तर वर जाऊन मॅडमच्या टेबलापाशी बसायला हवं होतं."

बाहेर आल्यावर मी त्याच्यासाठी दार धरून उभी राहिले. तो म्हणाला, "लायब्ररी कुठवर आली?"

२७ मार्च, गुरुवार

निकाल आला. निरोप्या माझ्याकडून काढला. मला लेखी ठपका आणि जुन्या नोंदींच्या विभागात बदली. धोक्याच्या आकड्यांचे फोन कायमचे सुरू, पडदा लाल होवो न होवो. कामावरून काढतील असं वाटलं होतं. काढलं असतं तर सोपं गेलं असतं का, कोण जाणे.

तीन दिवस दरवानासोबत बसून त्याला निरोप्याची ओळन् ओळ समजावली. एका ठिकाणी तो म्हणाला, "हे छान लिहिलंय." मी खोकल्याचं सोंग केलं. नव्या लायब्ररीवर जोडणी तुटत नाही. आणि वॉर्डातून "मिळालं" आल्याशिवाय आता काहीही रांगेतून निघत नाही. शेवटचं उत्तरही ४०७च आलं तर लॅबमध्येच घंटा होते.

आज संध्याकाळी निघताना त्याने स्वतःच्या हाताने माझा पासवर्ड बंद केला. "सॉरी, मॅडम," म्हणाला. नियम आहे.

३ एप्रिल, गुरुवार

मावशींच्या मुलीला रुग्णालयाचं पत्र गेलंय. "तांत्रिक बिघाडामुळे" असं त्यात आहे. मी ते पत्र वाचलं आणि आज दुपारी बस डेपोत गेले. कोणी पाठवलं नव्हतं. उलट, जाऊ नका असंच सांगितलं होतं.

ती फेरी संपवून आली. विश्रांतीच्या खोलीत लाकडी बाकावर आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं. प्रॉक्सी, ४०७ वगैरे तिला समजावत बसले नाही. एवढंच सांगितलं, की निकाल अकरा बेचाळीसला तयार होता, तो पाठवणारं काम माझं होतं, मी ते चुकवलं, आणि कळल्यावर चार दिवस गप्प बसले. त्यातल्या एका दिवशी तुम्ही मला समोर विचारलं होतंत.

मला वाटलं, आता ती मला हाकलेल. मी तयारीनेच गेले होते.

"अकरा बेचाळीस," ती म्हणाली. "दुपारी?"

"दुपारी नाही, सकाळी. बाराच्या आधी."

"आणि रक्त?"

"सकाळी दहाच्या आधी काढलेलं. मी तिथे होते तेव्हा त्यांच्या दंडावर कापूस होता."

ती टोपी मांडीवर घेऊन बसली होती. तिची कड दोन बोटांनी दाबत होती.

"साडेबाराला मी आईला संत्र्याचा रस पाजला. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, पी, शक्ती येईल. पूर्ण ग्लास." थांबली. "नंतर एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, पोटॅशियम वाढलेल्याला संत्र्याचा रस चालत नाही. मला तेव्हापासून... मी कोणालाच सांगितलं नाही. घरी पण नाही."

त्या दिवशी शिवणखोलीच्या दारात ती काय विचारायला थांबली होती ते मला आत्ता कळलं.

"सात पॉइंट दोन हा आकडा दहाच्या आधीच्या रक्तातला आहे," मी म्हटलं. "रसाच्या आधीचा. तो रिपोर्ट वेळेत पोचला असता तर साडेबाराला सिस्टरनी ग्लास तुमच्या हातातून काढून घेतला असता. तुम्हाला कळायची काही वाटच नव्हती. ती वाट माझ्याकडे होती."

बाहेर एक बस मागे घेत होते, तिचा पिप-पिप आवाज येत राहिला. तो थांबल्यावर ती माझ्याकडे वळली.

"हे मला लिहून द्या."

"काय?"

"वेळा. रक्त कधी काढलं, आकडा कधी आला, मी रस कधी पाजला. तुमच्या हाताने. खाली सही."

तिच्याकडच्या फेऱ्यांच्या वहीतलं पान फाडून तिने दिलं. मी लिहिलं. दहाच्या आधी, अकरा बेचाळीस, साडेबारा. खाली, रिपोर्ट न पोचण्याची चूक माझी, असं. नाव, सही, तारीख. रुग्णालयाला हे कळलं तर काय होईल, हा विचार सही करून झाल्यावर आला.

तिने पान दोनदा वाचलं. बोट ठेवून, एकेक वेळ. मग घडी करून गणवेशाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," म्हणाली.

"हो."

"आता जा. माझी चारची फेरी आहे."